चित्रांच्या पुस्तकातून नकाशा शिकवणं टाईमपास नाहीये

शिक्षकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज लई फिरायलाय. त्यात म्हणलंय की पहिली ते चौथीच्या लेकरांना गोष्टीच्या चित्रपुस्तकातून नकाशा शिकवणं म्हणजे तासाची नासाडी, एवढ्या लहान लेकरांना नकाशा कळतच नाही, मोठेपणी मोबाईल रस्ता दाखवतोच, म्हणून दिशा अन् जिल्हे पाठ करून घ्या, अन् खेड्यातल्या शाळेत असली पुस्तकं आणायची तरी कुठून. मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, अन् हे मला अजिबात पटलेलं नाही.

लेकरांना कळत नाही म्हणता, तर अडतं कुठं ते बघा ना. नकाशात सगळं वरून बघायचं असतं अन् लेकरू आजवर सगळं समोरून बघत आलंय, घर काढ म्हणलं की ते दार-खिडकी अन् वर पत्रे काढतं, आड काढ म्हणलं की रहाटासकट काढतं. समोरची वस्तू वरून कशी दिसेल हे शिकवायलाच चित्रपुस्तक कामाला येतं. समजा गोष्टीत एक शेळी दावं तोडून पळालीय, गोठ्यातून आडावर, तिथून मारुतीच्या पारावर, मग कडब्याच्या गंजीमागं, शेवटी शाळेच्या मैदानात. गोष्ट झाली की पुस्तक मिटायचं अन् लेकरांना फरशीवर तेच गाव मांडायला लावायचं, गोठा म्हणजे काडीपेटी, आड म्हणजे बाटलीचं बूच, गंजी म्हणजे खडा. मग उभं राहून वरून बघायचं, प्रत्येक वस्तूभोवती खडू फिरवायचा अन् वस्तू उचलून घ्यायच्या. खाली जे उरतं तो नकाशा! बुचाच्या जागी गोल राहिला, तो आड, म्हणजे चिन्ह तयार झालं, कोपऱ्यात कुठलं चिन्ह कशाचं ते लिहिलं की सूची झाली.

आता इथं हमखास भांडण लागतं. एक म्हणतं पार आडाच्या डाव्या हाताला, समोर बसलेलं म्हणतं उजव्या, अन् दोघंही आपल्या जागी बरोबर असतात. मग सकाळी ऊन कुठल्या खिडकीतून येतं ते विचारायचं, पूर्व ठरवायची अन् पार आडाच्या पूर्वेला की पश्चिमेला ते सांगायचं. दिशा कशाला लागतात ते लेकराला तवा कळतं. नकाशाचं प्रमाण, म्हणजे कागदावरचं किती अंतर जमिनीवर किती, ते पुढच्या वर्गात येईल, सध्या शेळी कुठून कुठं जास्त चालली एवढं पावलं मोजून सांगता आलं तरी पुष्कळ झालं.

मोबाईलचं म्हणाल तर तो कुठं वळायचं ते सांगतो, मला त्याचं वावडं नाही. पण उद्या बांधावरून नाहीतर शेतरस्त्यावरून वाद लागला अन् भूमी अभिलेखवाल्यांनी मोजणीचा नकाशा पुढं ठेवला, तर तो आपला आपणच वाचावा लागतो. तिथं वाचता येईना म्हणून दुसऱ्याच्या भरवशावर सही करणारी माणसं आपल्याकडं कमी नाहीत.

पाठांतराचं मात्र जरा सविस्तर सांगते. आठ जिल्हे घोकून होतात, हरकत नाही, पण "वर उत्तर, खाली दक्षिण" एवढंच पाठ झालेल्या लेकराला मांजरा नदी दाखवा. बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं उगम, मग लातूरकडून पुढं कर्नाटकात बिदरकडं, तेलंगणात, अन् तिथून वळून उत्तरेकडं येऊन गोदावरीला मिळते. भिंतीवरच्या नकाशात ती शेवटी वर चढताना दिसते, तवा लेकरू विचारणारच की पाणी वर कसं चढलं? फरशीवर गाव मांडलेल्या लेकराला उत्तर सापडायला वेळ लागत नाही, नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरला अन् त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडं केली की वर-खाली राहतच नाही, उतार मात्र वेगळा बघावा लागतो.

अन् पुस्तकं कुठून आणायची? प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या वेबसाईटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचायला अन् डाऊनलोड करायला मिळतात. नेट नसेल तर लेकरांकडूनच पुस्तक करून घ्या, जी आईबापासंग ऊसतोडीला जाऊन आलीत त्यांच्याकडून तर आधी. घर, ट्रॅक्टर, घाट, कारखाना, उसाच्या फडाजवळची कोपी म्हणजे झोपडी, एकेका पानावर एकेक चित्र, अन् शेवटच्या पानावर सगळ्या वाटेचा नकाशा. जुन्या कॅलेंडरची पानं मागून कोरी असतात, दुमडून मधून दोरा ओवला की झालं.