वाईट कोड आधी नाकाला कळतो

फाइल उघडून दहा सेकंद पण झालेले नसतात, माझ्या तोंडून "अरे देवा" निघतं आणि शेजारचा मान वर न करता विचारतो, "पावतीवाली का?" त्याने माझी स्क्रीन बघितलेली नसते, पण त्या फाइलचा वास त्यालाही माहितीये.

वास हा शब्द माझा नाही. केंट बेक नावाच्या प्रोग्रामरने नव्वदच्या दशकात ‘कोड स्मेल’ म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. वास आला म्हणजे काहीतरी मेलंय असं नक्की सांगता येत नाही, पण शोधाशोध सुरू करावी लागते. तसं मोजमाप पण आहे म्हणा, मॅककेब नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९७६ मध्येच सांगून ठेवलंय की कोडला किती फाटे फुटतात ते मोजा आणि आकडा १० च्या वर गेला की सावध व्हा. आमच्या पावतीवाल्या फंक्शनचा आकडा ८७ आला. टूलने तो लाल रंगात दाखवला, आम्ही टूलची ती वॉर्निंग बंद केली.

पण खरं सांगू का, आकड्याच्या आधी नावंच चुगली करतात. डेटा, डेटा२, डेटाफायनल, आणि त्याच्याखाली डेटाफायनलन्यू, ज्यातलं काहीच फायनल नाही आणि न्यू तर चार वर्षांपूर्वीचं. मग एक फ्लॅग, म्हणजे हो की नाही एवढंच सांगणारी खूण, नाव ‘इजनॉटडिसेबल्ड’, आणि त्याच्यापुढे उद्गारचिन्ह लावून तो परत उलटा केलेला, म्हणजे बटन चालू आहे का बंद हे ठरवायला कागद-पेन घ्यावा लागतो. एरर पकडायला असलेला कॅच ब्लॉक रिकामा, एरर आली की गिळायची आणि ढेकर पण द्यायचा नाही. मध्येच दोनशे ओळी कॉमेंट करून, म्हणजे न पुसता नुसत्या बंद करून ठेवलेल्या, कुणी काढत नाही, न जाणो लागल्या तर. (कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये सगळं जुनं असतं हे सगळ्यांना माहितीये, तरी नाही काढत.)

आणि या सगळ्याच्या पोटात एक ओळ: ३०० मिलिसेकंद थांब. वर कॉमेंट, "काढू नये." का काढू नये ते नाही लिहिलेलं.

मी काढली. माझ्या मशीनवर सगळ्या टेस्ट हिरव्यागार, दिवसभर छाती फुगवून फिरलो. रात्री सर्व्हरवर अधूनमधून पावत्या कोऱ्या निघायला लागल्या. झालं असं होतं की एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधलं समांतर चालणारं एक काम, फाइल लिहीत होता आणि दुसरा ती लिहून व्हायच्या आधीच वाचायला धावत होता, ते ३०० मिलिसेकंद म्हणजे त्या दोघांमधलं भांडण मिटवणारा एकमेव माणूस, आणि मी त्यालाच घरी पाठवला. नीट दुरुस्त करायचं तर दोन्हीकडचा कोड उलटापालटा करावा लागणार, आणि रात्रीचे दोन वाजलेले. गपचूप ओळ परत टाकली. पण तशीच कशी टाकायची, आपली पण काही इज्जत आहे, आणि कोडमध्ये उघडे आकडे ठेवू नयेत, त्याला कॉन्स्टंट करून नाव द्यावं हे मीच सगळ्यांना सांगत असतो. म्हणून नाव दिलं. ‘थ्री_हंड्रेड’. रिव्ह्यूमध्ये दोघांनी अंगठे पण दिले.

पुढे लोड वाढला, ३०० पुरेना, कुणीतरी आकडा बदलला.

गेल्या आठवड्यात टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने ती फाइल उघडली. "अरे देवा," ती म्हणाली. मी मान वर न करता विचारलं, "पावतीवाली का?"

"सर, इथे लिहिलंय थ्री_हंड्रेड बरोबर ५००. हे नाव कुणी दिलं असेल?"

म्हटलं, जुना कोड आहे गं, चालतोय ना, हात नको लावूस. आणि तिने कुठली ओळ कुणी लिहिली ते सांगणारं गिट ब्लेम टाइप करायला घेतलं तसा मीटिंग आहे म्हणून उठलो.