ब्लेड आणि सुतळी सॅकमधून बाहेर काढा

भाची पहिल्यांदाच मैत्रिणींबरोबर ट्रेकला आणि कॅम्पला निघाली आहे. तिची सॅक तपासत होते, तर प्रथमोपचाराच्या पाऊचमध्ये नवं कोरं ब्लेड आणि सुतळीची गुंडी. हे कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "मावशी, साप चावला तर लागेल ना!" आणि फोन पुढे केला. 'रानात जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावेत असे उपाय. लष्करातील डॉक्टरांचा सल्ला. दहा ग्रुपवर पाठवा.' डॉक्टरांचं नाव नाही, तारीख नाही, काही नाही. पोरीने मात्र त्यावर विश्वास ठेवून सामान भरलं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

पहिलाच उपाय सगळ्यांत घातक: 'दंशाच्या वर सुतळी करकचून बांधा, ब्लेडने चीर द्या, तोंडाने विष ओढून थुंका.'

यातली एकही गोष्ट करायची नाही. सापाचं विष कातडीवर सांडलेलं नसतं. दातांमधून ते आत, मांसात टोचलं जातं आणि तिथून लगेच लसिकेवाटे आणि रक्तावाटे पसरू लागतं. ते ओढून निघतं का, हे तपासून झालेलं आहे. 'अ‍ॅनल्स ऑफ इमर्जन्सी मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात 2004 साली आलेल्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांच्या पायात विषाऐवजी एक निरुपद्रवी द्रव टोचला. त्याचा माग काढता यावा म्हणून त्यात किरणोत्सारी खूण मिसळलेली होती. तीन मिनिटांत त्यावर खास विष ओढण्यासाठी विकला जाणारा पंप लावला. किती बाहेर आलं? 0.04 टक्के. म्हणजे दहा हजार भागांतले चार. बनवलेल्या पंपाची ही गत, तर तोंडाने काय निघणार?

चीर देणं त्याहून वाईट. घोणससारख्या सापांचं विष रक्त गोठण्याची क्रियाच मोडून टाकतं. अशा माणसाला ब्लेड लावलं की रक्त थांबत नाही. शिवाय साप बहुतेक वेळा पायाला नाहीतर हाताला चावतो, आणि तिथे शिरा, नसा, स्नायुबंध अगदी वरच असतात. घाबरलेल्या मैत्रिणीने थरथरत्या हाताने तिथे ब्लेड फिरवायचं?

आणि ती सुतळी. करकचून बांधली की अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो. मांस कुजवणारं विष असेल तर ते एकाच जागी कोंडतं आणि पुढे बोट किंवा पाय कापायची पाळी येते. बांधलेलं एकदम सोडलं की अडकलेलं विष झपाट्याने शरीरभर पसरण्याचा धोका वेगळाच.

इथे कोणीतरी म्हणेल, ऑस्ट्रेलियात तर पट्टी बांधतातच. बांधतात, मान्य आहे. पण ती रुंद, ताणली जाणारी पट्टी असते, अख्ख्या हातापायावर गुंडाळतात, वर आधाराची फळी लावतात, आणि ते प्रामुख्याने तिथल्या मज्जासंस्थेवर हल्ला करणाऱ्या सापांसाठी आहे. एका जागी आवळलेल्या सुतळीशी त्याचा संबंध नाही.

'आमच्या काकांना असंच वाचवलं होतं' हे उत्तर मला हमखास मिळतं. काका वाचले याचा आनंदच आहे. पण पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कित्येकदा विष न सोडता चावतो. असा माणूस काहीही केलं तरी वाचतो, आणि श्रेय ब्लेडला जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे 54 लाख सर्पदंश होतात आणि 81 हजार ते 1 लाख 38 हजार माणसं दगावतात. विषबाधेवर खरा इलाज प्रतिविष, आणि ते रुग्णालयात मिळतं. म्हणून सापापासून दूर व्हा, त्याला मारायला किंवा पकडायला जाऊ नका. सूज येण्याआधी अंगठी, घड्याळ, पैंजण काढा. हाड मोडल्यावर बांधतो तसा अवयव काठीच्या आधाराने स्थिर करा. चालवू नका, उचलून न्या. चावल्याची वेळ लिहून ठेवा. उलटी होत असेल किंवा गुंगी येत असेल तर कुशीवर झोपवा.

दुसरा जीवघेणा सल्ला: 'थंडी वाजली तर तंबूत निखारे ठेवून चेन बंद करा.' निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. दिवसभर चाललेल्या माणसाला तो थकवाच वाटतो आणि तो तसाच झोपून जातो. विझत आलेले निखारेही हा वायू सोडतात, आणि चेन थोडी उघडी ठेवणं पुरेसं नाही. शेगडी, स्टोव्ह, कोळसा काहीही तंबूच्या आत नको. ऊब हवी तर अंगाखाली चांगली मॅट घाला, कारण जमीनच सगळी उष्णता ओढते. कोरडे कपडे, कानटोपी, झोपण्याआधी पोटभर खाणं. याच ओळीत 'दोन घोट दारू'ही सुचवली आहे. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि शरीराची उष्णता उलट बाहेर जाते.

'वीज चमकत असेल तर झाडाखाली थांबा, फक्त खोडाला हात लावू नका.' साफ चूक. झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी घेते आणि जमिनीतूनही पसरते. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात. शिखर, धार, मोकळं मैदान सोडा, पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. तंबू विजेपासून वाचवत नाही.

वाहतं पाणी शुद्ध असतं, हेही खोटं. वरच्या अंगाला जनावर मरून पडलं असेल तर ते तुम्हाला दिसत नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळून एक मिनिट उकळा, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं.

मीठ लावल्यावर जळू सुटते, हे बरोबर आहे. कुठे चाललोय आणि कधी परतणार हे घरी सांगून जा, हेही बरोबर. बाकीचं इतकं चुकीचं नसतं तर एवढ्यासाठी मी तो मेसेज सोडून दिला असता.

शेवाळ नेहमी उत्तरेला उगवतं यावर वाट शोधू नका. ओल असेल तिथे ते उगवतं. आणि तंबूभोवती मिठाची रेघ ओढून साप थांबत नाही. तंबूची चेन पूर्ण लावा, उरलेलं अन्न आसपास टाकू नका, कारण त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. रात्री बाहेर पाऊल टाकताना हेडलँप लावा, आणि सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय त्यात पाय घालू नका.