२८५७ मान्य, तरीही बॉबी ऑर

आम्ही चार मराठी घरं गेली सोळा वर्षं इथे ऑन्टारिओत एकमेकांना धरून आहोत. पूर्वी जेवणं झाली की गावसकर की तेंडुलकर यावर मध्यरात्र व्हायची. मग मुलं रिंकवर जायला लागली, त्यांच्या स्केटच्या नाड्या आवळता आवळता आम्हीही या खेळात ओढले गेलो आणि वादाचा विषय बदलला. (इथे हॉकी म्हणजे आइस हॉकीच. मैदानावरच्या हॉकीला आधी 'फील्ड' जोडावं लागतं. ध्यानचंदांच्या देशातून आल्यामुळे पहिल्या वर्षी मला ते फार लागलं होतं.) इंग्रजी समालोचनाचा वेग मला झेपायचा नाही, म्हणून शेजारच्या काकूंबरोबर बसून पंजाबी समालोचन ऐकत मी हा खेळ शिकले. २००८ पासून इथे हॉकीचं समालोचन पंजाबीतून होतं. मराठीतून कधी होईल का, असा विचार अजूनही मनात येतो.

परवाच्या शनिवारी पुन्हा तेच निघालं. सगळ्यांत मोठा खेळाडू कोण? आमच्यातल्या एकाने नेहमीप्रमाणे एकच आकडा टाकला. "२८५७. विषय संपला."

मी म्हटलं, "नाही संपला." पण मुलीची दुसऱ्या दिवशी पहाटे सहाची प्रॅक्टिस होती, मंडळी उठली. तेव्हा राहून गेलेलं इथे लिहिते आहे. लांबेल, पण वाचा.

२८५७ हे वेन ग्रेट्झकीचे एनएचएलमधले, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमधले पॉइंट. गोल केला की एक पॉइंट, आणि गोलाआधी ज्या दोघांकडून पक (चेंडूऐवजी असणारी रबराची चकती) आला त्यांना असिस्टचा एकेक पॉइंट, असा हिशोब असतो. १४८७ सामन्यांत ८९४ गोल आणि १९६३ असिस्ट. त्याचे सगळे गोल पुसून टाका, तरी नुसत्या असिस्टवर तो पहिलाच राहतो, कारण दुसऱ्या क्रमांकावरच्या यारोमिर यागरचे गोल आणि असिस्ट मिळून १९२१ होतात. क्रिकेटमध्ये ब्रॅडमनची ९९.९४ सांगितली की पुढे बोलायला काही उरत नाही, तसंच हे. १९८१-८२ च्या मोसमात ९२ गोल, त्यातले पहिले ५० अवघ्या ३९ सामन्यांत. एका मोसमात २०० पॉइंटच्या पुढे आजवर तो एकटाच गेला आणि चार वेळा गेला.

६ एप्रिल २०२५ ला अलेक्झांडर ओव्हेचकिनने ८९५ वा गोल मारला, तेव्हा आमच्या ग्रुपवर 'ग्रेट्झकीचं राज्य गेलं' असे मेसेज आले. मला ते मुळीच पटलं नाही. ओव्हेचकिनचा विक्रम थोर आहेच, त्याच्या काळात गोलकीपर कितीतरी तयार आणि गोल कमी. पण ग्रेट्झकीचं मोठेपण गोलांत कधीच नव्हतं, ते पासमध्ये होतं. समोरच्यांच्या जाळीच्या मागे जाऊन तो पक घेऊन उभा राहायचा. गोलकीपरने मागे वळून त्याला बघायचं की समोरून येणाऱ्यांना? तेवढ्यात पास गेलेला असायचा. त्या जागेला लोक आजही त्याचं 'ऑफिस' म्हणतात. गोलांचा विक्रम गेला, १९६३ ला कुणी हात लावेल असं मला वाटत नाही.

एवढं सगळं मान्य करून मी म्हणते की पहिला बॉबी ऑर.

ग्रेट्झकीने जे केलं ते फॉरवर्डचंच, म्हणजे पुढे राहून हल्ला करणाऱ्याचंच, काम होतं. ते त्याने कुणाहीपेक्षा फार वरच्या पातळीवर केलं. ऑर डिफेन्समन, म्हणजे बचावातला खेळाडू होता. १९६६ साली अठरा वर्षांचा ऑर बॉस्टन ब्रुइन्सकडून खेळायला उतरला, तेव्हा डिफेन्समनने मागे राहायचं, समोरच्याला अडवायचं, पक हाती लागला की फॉरवर्डकडे द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागी जायचं, अशी रीत होती. पक घेऊन पुढे जाणारे त्याआधीही होऊन गेले. एडी शोर होता. माँट्रियलचा डग हार्वी होता, जो सबंध सामन्याचा वेग आपल्या स्टिकवर ठेवायचा. पण एका मोसमात २० पेक्षा जास्त गोल करणारा डिफेन्समन एनएचएलने पाहिला नव्हता. १९४४-४५ मधले फ्लॅश हॉलेटचे २० हाच विक्रम होता. डिफेन्समनच्या सर्वाधिक पॉइंटचा विक्रम पिएर पिलोटचा, ५९.

ऑरने १९६९-७० मध्ये १२० केले. ५९ वरून १२०! आणि त्या मोसमात संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक पॉइंट त्याचे होते, फॉरवर्ड धरून. १९७४-७५ मध्ये त्याने हे पुन्हा केलं. त्याच्या आधी किंवा नंतर दुसऱ्या कुठल्याही डिफेन्समनला हे एकदाही जमलेलं नाही. गिलख्रिस्टनंतर प्रत्येक देश फलंदाजी करणारा विकेटकीपर शोधायला लागला, तसं ऑरनंतर प्रत्येक टीम पुढे जाणारा डिफेन्समन शोधायला लागली. फरक इतकाच की गिलख्रिस्ट काही सगळ्या फलंदाजांपेक्षा जास्त धावा काढत नव्हता.

१९६७ साली सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी न्यूयॉर्कच्या हॅरी हॉवेलला मिळाली. ती घेताना तो म्हणाला की आत्ताच मिळाली हे बरं झालं, यापुढे ती ऑरचीच असणार. पुढची आठ वर्षं ओळीने ती ऑरकडे होती.

माझा मित्र यावर म्हणतो, ऑरच्या शेजारी ब्रुइन्सचा फॉरवर्ड फिल एस्पोझिटो होता, म्हणून एवढे पॉइंट झाले. ठीक आहे, मग दुसरी मोजणी घेऊ. खेळाडू बर्फावर असताना आपल्या टीमने किती गोल केले आणि खाल्ले किती, यातला फरक मोजतात. पॉवर प्लेवरचे, म्हणजे पेनल्टीमुळे समोरच्यांचा माणूस कमी असतानाचे, गोल त्यात धरत नाहीत. १९७०-७१ मध्ये ऑरचा हा फरक होता अधिक १२४. आजही कुणी त्याच्या पुढे गेलेलं नाही. गोल करण्यात पुढे असणारा बचावात कच्चा असता, तर हा आकडा आलाच नसता.

त्याच मोसमात त्याचे १३९ पॉइंट झाले. पंधरा वर्षांनी, १९८५-८६ मध्ये, एडमंटनचा पॉल कॉफी त्याच्या अगदी जवळ आला. तो काळ गोलांच्या पावसाचा होता. कॉफी खेळत होता खुद्द ग्रेट्झकीच्या टीममध्ये, आणि ग्रेट्झकीने २१५ पॉइंट केले तोच हा मोसम. कॉफीने ४८ गोल करून ऑरचा ४६ चा विक्रम मोडला. पॉइंट झाले १३८. एक कमी पडला. मित्रांनो, यावर मला अजून कुणी समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं, आणि ते मी टाळणार नाही. ऑर टिकला कुठे? डावा गुडघा. ऑपरेशनवर ऑपरेशन. शेवटचा पूर्ण मोसम १९७५ मध्ये संपला तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्यानंतर एनएचएलमध्ये जेमतेम ३६ सामने, त्यातले बरेचसे शिकागोकडून. तिसाव्या वर्षी निवृत्त. एकूण सामने ६५७. टिकणं हाच निकष असेल तर पहिला मान गॉर्डी हाउचा, ग्रेट्झकीचाही नाही. हाउ सलग २० मोसम पॉइंटच्या यादीत पहिल्या पाचात होता, आणि १९७९-८० मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर हार्टफर्डकडून सगळेच्या सगळे ८० सामने खेळला. ग्रेट्झकी स्वतः हाउलाच सर्वश्रेष्ठ मानतो. लहानपणी त्याला हाउचा ९ नंबर हवा होता, टीममध्ये तो दुसऱ्याकडे होता, म्हणून पुढे ९९ आला.

पिट्सबर्गच्या मारिओ लेम्यूचं नाव घेतलं नाही तर आमच्या घरातच भांडण होईल, माझा नवरा त्याचा भक्त. १९९३ च्या जानेवारीत लेम्यूला हॉजकिन्स लिम्फोमाचं निदान झालं. २ मार्चला सकाळी रेडिएशनचा शेवटचा डोस घेऊन तो त्याच रात्री फिलाडेल्फियात खेळायला उतरला. एक गोल, एक असिस्ट, आणि एरवी त्याला हिणवणारं ते प्रेक्षागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. दोन महिने बाहेर राहूनही ६० सामन्यांत १६० पॉइंट करून तो मोसमाचा अव्वल ठरला. हे आठवलं की माझंही मन डळमळतं.

आणि एक गोष्ट या वादात कायम सुटते, तिचं मला वाईट वाटतं. आपण सर्वश्रेष्ठ म्हणतो तेव्हा एनएचएलमधला सर्वश्रेष्ठ म्हणतो. सोव्हिएत फॉरवर्ड व्हालेरी खार्लामोव्हचा जन्म ऑरच्याच वर्षीचा, १९४८. दोन देशांच्या आठ सामन्यांच्या मालिकेतल्या पहिल्या सामन्यात, २ सप्टेंबर १९७२ ला माँट्रियलमध्ये, सोव्हिएत संघाने कॅनडाला ७-३ असं हरवलं, तेव्हा खार्लामोव्हचे दोन गोल बघून हा देश अवाक झाला होता. मॉस्कोत सहाव्या सामन्यात कॅनडाच्या बॉबी क्लार्कने स्टिकच्या फटक्याने त्याचा घोटा जायबंदी केला. आठव्या सामन्यात ३४ सेकंद उरलेले असताना पॉल हेंडरसनने गोल केला आणि कॅनडाने मालिका जिंकली. तो गोल इथे शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे, तो घोटा मात्र फारसा कुणी आठवत नाही. ऑर त्या मालिकेत टीमबरोबर होता, पण गुडघ्यामुळे एकही सामना खेळला नाही. १९७६ च्या कॅनडा कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो तसल्याच गुडघ्यावर सात सामने खेळला, नऊ पॉइंट केले आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वेळी खार्लामोव्ह मोटार अपघातातून सावरत होता. १९८१ मध्ये दुसऱ्या मोटार अपघातात तो गेला, ३३ वर्षांचा. एकाच वर्षी जन्मलेले हे दोघे बर्फावर समोरासमोर कधी आलेच नाहीत.

बायकांच्या हॉकीचं नाव कुणीच काढत नाही, हेही सांगून ठेवते. माझ्या मुलीच्या यादीत पहिली आहे हेली विकेनहायझर, ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं जिंकून पुढे डॉक्टर झालेली. तिच्यावर वेगळं लिहीन.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही पॅरी साउंडला गेलो होतो. टोरांटोहून उत्तरेला सव्वादोनशे किलोमीटर, जॉर्जियन बे च्या काठावरचं छोटं गाव. ऑर तिथला. त्याच्या नावाचं संग्रहालय आहे, ते बघितलंच, पण मला आठवते ती सेगुइन नदी. ऑर लहानपणी याच नदीच्या बर्फावर आणि खाडीवर खेळायचा. आखलेलं रिंक नाही, कडेला फळ्या नाहीत, पाच-पाच जणांचा नियम नाही. खूप पोरं, एक पक, आणि ज्याच्याकडे पक आला त्याने तो जमेल तेवढा वेळ राखायचा. तिथे डिफेन्समन कोण आणि फॉरवर्ड कोण! काठावर उभं राहिल्यावर मला त्याच्या खेळाचं मूळ दिसल्यासारखं झालं. पेनल्टीमुळे टीमचा एक माणूस कमी असताना तो एकटाच पक घेऊन सबंध रिंकभर फिरतोय आणि मागे लागलेल्यांना तो मिळत नाहीये, अशा जुन्या चित्रफिती आहेत. तो नदीवरचाच खेळ आहे.

माझी मुलगी डिफेन्समध्ये खेळते. गेल्या हिवाळ्यात, तेव्हाच्या टीममध्ये, एका सामन्यात ती ब्लू लाइन (हल्ल्याच्या वेळी डिफेन्समन थांबतात ती निळी रेषा) सोडून पुढे गेली, कडेने बाहेर येणारा पक अडवायला. पक तिच्या स्टिकखालून निसटला, समोरच्या दोघी मोकळ्या सुटल्या आणि गोल झाला. कोचने तिला उरलेला सगळा सामना बाकावर बसवलं. "तुझं काम मागे राहायचं" एवढंच तिला सांगण्यात आलं. मला त्याचा राग आला आणि अजून आहे. परतताना गाडीत तासभर ती एक शब्द बोलली नाही.

घरी आल्यावर मी तिला १० मे १९७० चा गोल लावून दाखवला. बॉस्टन विरुद्ध सेंट लुइस, स्टॅन्ली कपचा, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा, अंतिम फेरीतला चौथा सामना, बरोबरी, जादा वेळेची चाळीस सेकंदं. त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. गोल झालेला आहे, ऑर हात पसरून हवेत आडवा उडालेला आहे, मागे नोएल पिकार्ड, ज्याच्या स्टिकने त्याचे पाय उचलले गेले. बॉस्टनच्या स्टेडियमबाहेर पुतळा आहे तोही त्याच क्षणाचा.

मी तिला त्याच्या काही सेकंद आधीचं बघायला सांगितलं. सेंट लुइसचा खेळाडू कडेने पक बाहेर काढतोय. रीतीप्रमाणे ऑरने मागे सरकायला हवं. तो पुढे जातो. कडेपाशी पक अडवतो, जाळीमागच्या डेरेक सँडरसनकडे देतो, थेट गोलकडे धावतो, पास परत मिळतो आणि ग्लेन हॉलच्या पायांमधून गोल. बॉस्टनला २९ वर्षांनी कप मिळाला तो असा. कडेपाशी तो पक निसटला असता, तर सेंट लुइसचे लोक मोकळे सुटले असते आणि तो पुतळा आज तिथे नसता.

मुलीने चित्रफीत मागे घेतली. पुन्हा मागे घेतली. ऑर कडेशी पोचतो तिथे थांबवली आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हा पक अगदी थोडक्यात मिळालाय त्याला."

मी म्हटलं, "हो, अगदी थोडक्यात."

तिने चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली.