आमचे नेव्हीवाले डॉक्टरकाका

आमचे डॉक्टरकाका निवृत्त नौदल डॉक्टर; त्यांच्यावर आलेला स्मृतिलेख वाचला. हुद्दे, बदल्या सगळं आलं; पण धरमपेठेत आमच्या शेजारी राहणारे काका त्यात थोडेच सापडले. नागपुरात समुद्र कुठला, तरी खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांचे आजार हा त्यांचा लाडका विषय. खोलातून माणूस घाईने वर आला की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांधे ठणकतात, कधी पाय लुळे पडतात; मग त्याला बंद कक्षात पुन्हा दाबाखाली ठेवून तो दाब हळूहळू उतरवायचा. तर्री-पोह्यांची प्लेट हातात धरून हे सगळं चालायचं आणि काकू वैतागायच्या. मुंबईत कुलाब्याचं नौदलाचं 'अश्विनी' रुग्णालय लेखात एका ओळीत उरकलंय, ते खटकलं. उमेदीची वर्षं तिथेच गेली होती त्यांची. आणि हो, गल्लीत कोणी फी विचारली की जाम भडकायचे!