हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: भुसावळच्या भाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: हरिहरेश्वरच्या खडकाळ किनाऱ्यावरून दिवसभराच्या गोल फेरीचा लेख मी लिहिला, त्यात सकाळी अकराला खडकावर उतरायला सांगितलं, आणि हे खानदेशी माणसाला शोभत नाही. आपण सातपुड्यात जातो तेव्हा उजाडायच्या आत चढ संपवतो. तुम्ही मागच्या भाऊबीजेला घरच्यांसोबत सकाळी साडेसहाला प्रदक्षिणा सुरू केलीत, वाट कोरडीठाक होती, म्हणजे भरतीची भीती मी उगाच घातली. वर, प्रदक्षिणा अर्धवट सोडून मागे फिरा असा सल्ला देवाच्या ठिकाणी देऊ नये, हेही तुम्ही लिहिलंत. यंदा कार्तिकी एकादशीला पहाटेच निघणार, असं शेवटी आहे. त्या शेवटच्या वाक्यामुळे हे उत्तर लांबलं.

आधी माझी चूक. मी ‘अकरा’ छापलं, पण त्या दिवशी अष्टमी होती हे लिहिलंच नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटणार की तिथे रोज अकराचीच वेळ. लेखात आता तिथी घातली आहे.

पण भाऊ, तुमच्याकडूनही तेच झालंय. तुम्ही भाऊबीजेचं घड्याळ एकादशीला लावताय.

कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अदमासे वेळ निघते. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो, म्हणून त्या दिवशी सकाळी सव्वासातच्या सुमारास पाणी सगळ्यात खाली होतं. तुम्ही साडेसहाला उतरलात. वाट कोरडी मिळणारच होती.

आता एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती पूर्ण. तुम्ही साडेसहाला खडकावर उतरलात तर पाणी चढत असेल, आणि सोबत लहान मुलं आहेत म्हणता. त्या दिवशीची ओहोटी दुपारी अडीचच्या आसपास. पौर्णिमेकडे चाललेल्या चंद्राबरोबर उधाणाचं पाणीही वाढत जातं, हे वेगळंच. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी तेवढं चढत नाही. एकादशीला तो दिलासाही ओसरू लागलेला असतो.

आपल्याला पाण्याचं भय माहीत नाही असं नाही. हतनूर धरणाचे दरवाजे उघडणार असले की तापीकाठच्या गावांना आधी इशारा मिळतो. पूर येतो, ओसरतो, मग काही दिवस नदी गप्प. समुद्र मात्र दिवसातून दोनदा चढतो, रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा, आणि कुणी दवंडी देत नाही. हे मला तिथे उभं राहूनच कळलं. मंदिरामागे पायऱ्या चढून, मग डोंगराच्या खाचेतून उतरणाऱ्या अरुंद पायऱ्यांनी खाली गेलं की खडकाचा सपाट पट्टा लागतो. लाटांनी आणि मिठाने पोखरून त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. पोरं तिथेच रमतात, मीही रमलो होतो. पहिल्या खेपेला फोटोंच्या नादात वेळ गेला. समोरची लाट मला दिसत होती, पण पाठीमागच्या घळीत पाणी शिरलेलं दिसलं नाही. वळलो तेव्हा मघाशी ओलांडलेल्या खाचेत गुडघाभर पाणी खेळत होतं. तिथल्या एका कोळी दादाने वरून हाक मारून दुसरी वाट दाखवली. तेव्हापासून मी आधी खडकावरची रेघ बघतो. वरचा खडक काळा, कोरडा. खाली हिरवं शेवाळ, कालवांची धारदार टरफलं. ही रेघ आपल्या खांद्याच्या वर असेल तर तिथे भरतीत माणूस बुडतो, एवढं समजायला बास. सातपुड्यात चालणारे टणक तळव्याचे बूट त्या शेवाळावर साफ घसरतात, हेही लेखात ठळक लिहायला हवं होतं.

प्रदक्षिणा अर्धवट सोडण्याबद्दल. तुमची श्रद्धा मी जाणतो, माझ्या आईचीही तीच आहे. पण भरती असली की गावातले लोकच सांगतात, आत्ता जाऊ नका. तिथे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असं दर्शन घ्यायची रीत आहे. तेवढं मनोभावे करून पाणी उतरेपर्यंत थांबलं तर देवाचं काही राहून जात नाही.

उन्हाचा मुद्दा मात्र खरा आहे. दुपारी त्या पट्ट्यावर सावली नाही आणि काळा खडक तापतो. आपल्याकडे घाम लगेच सुकतो. तिथे सुकत नाही, अंगावरच राहतो, म्हणून थकवा लवकर येतो. समुद्रावरून दुपारी वारा सुटतो तो बरा वाटतो, पण त्या नादात पाणी प्यायचं राहून जातं. माणशी दोन लिटर पाणी आणि लिंबू-मीठ जवळ ठेवा.

म्हणून एकादशीसाठी दिवसाचा क्रम उलटा करा. पहाटे उठायची सवय मोडू नका, फक्त खडक शेवटी ठेवा. सकाळच्या गारव्यात दर्शन घेऊन बागमांडल्याकडे चालत निघा. तिथे महाबळेश्वरहून आलेली सावित्री समुद्राला मिळते, पलीकडे बाणकोट दिसतं, जेट्टीवर चहा घेऊन परत या. उपासाचं खाऊन दुपारी सावलीत पडा. एकच्या सुमारास पायऱ्या उतरा, म्हणजे ओसरत्या पाण्यासोबत चालाल आणि अडीचच्या आत, पाणी वळायच्या आधी, मंदिराशी याल. मुलं फोटोला अडली तरी तासभर हाताशी उरतो.

पाऊणपटीचा हिशेब अदमासाचा आहे, तासभर इकडेतिकडे होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी भरतीचं वेळापत्रक बघा, आणि मुक्कामाच्या घरी विचारा, ‘उद्या सुकती (म्हणजे ओहोटी) कधी?’ त्यांनी सांगितलेली वेळ माझ्या हिशेबाशी जुळली नाही, तर त्यांचीच धरा.