‘काउंट नॉर्मल आला की गोळी सोडा’ सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

माझ्या मावशीला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. हा रक्ताचा कर्करोग, डॉक्टर त्याला सीएमएल म्हणतात. ती रोज इमॅटिनिबची गोळी घेते आणि तिचे रिपोर्ट चांगले येत होते. मग तिच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मेसेज आला आणि तिने कुणालाही न सांगता गोळी बंद केली. आम्हाला कळलं ते उशिरा. तोच मेसेज आता मलाही इकडून तिकडून येतोय, पाठवणारे शिकलेसवरलेले आहेत, म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: रक्ताचा कर्करोग जनुकांमुळे होतो हे अर्धशतकाचं थोतांड आहे. शिकागोतल्या एका गृहिणीने जेवणाच्या टेबलावर फोटो कापून जुळवले आणि त्यावर गोळ्यांचा धंदा उभा राहिला. गुणसूत्रांतला बदल हा आजाराचा परिणाम असतो, कारण नव्हे. कारण असता तर आजार मुलाबाळांनाही झाला असता. काउंट नॉर्मल आले म्हणजे शरीर बरं झालं, पुढची गोळी फक्त कंपनीसाठी. खरा इलाज सोमल, म्हणजे आर्सेनिक, तो चीनने शोधला आणि पाश्चात्त्यांनी दडपला.

आधी गोळीचं बोलतो. बाकीच्या दाव्यांनी गोंधळ उडतो, या दाव्याने जीव जाऊ शकतो.

सीएमएलमध्ये गोळी सुरू झाली की बहुतेकांच्या पांढऱ्या पेशींचा काउंट काही आठवड्यांत खाली येतो. पण काउंट ही नुसती मोजदाद आहे. त्या पेशींत निरोगी किती आणि बिघडलेल्या किती, हे तो सांगत नाही. काउंट नॉर्मल दिसत असताना अस्थिमज्जेत अब्जावधी बिघडलेल्या पेशी शिल्लक असू शकतात. म्हणूनच दर काही महिन्यांनी बीसीआर-एबीएलची, म्हणजे या आजारात तयार होणाऱ्या बिघडलेल्या जनुकाची, पीसीआर चाचणी करायला सांगतात. लाखभर पेशींत एखादी बिघडलेली असली तरी तिचा माग या चाचणीत लागू शकतो. शिवाय या आजाराच्या मुळाशी असलेल्या काही मूळपेशी विभाजन न करता नुसत्या पडून राहतात आणि इमॅटिनिबने त्या सहजी मरत नाहीत. गोळी थांबली की त्यांना रान मोकळं मिळतं. मग आजार परत येतो, आणि वाढू दिला तर ब्लास्ट क्रायसिसपर्यंत, म्हणजे आजार झपाट्याने बळावण्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, जाऊ शकतो. त्या टप्प्यावर गोळीचा प्रभाव फार कमी उरतो.

काही रुग्णांची गोळी थांबवता येते, हे मात्र मला मान्य करावं लागेल. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हेच कुठेतरी अर्धवट वाचलं असावं. तर पूर्ण वाचूया. ‘युरो-स्की’ या युरोपातल्या अनेक देशांनी मिळून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आले. त्यात 755 रुग्णांचं विश्लेषण आहे. किमान 3 वर्षं औषध झालेलं हवं आणि किमान 1 वर्ष पीसीआरमध्ये आजार अगदी खोलवर दबलेला हवा, अशी प्रवेशाची अटच होती. इतक्या पारखून घेतलेल्या रुग्णांतही गोळी थांबवल्यावर 2 वर्षांनी निम्म्यांचाच आजार दबलेला राहिला होता. आजार उलटलेल्यांपैकी बहुतेकांचा पहिल्या 6 महिन्यांतच उलटला. ते वेळेत लक्षात आलं, कारण सुरुवातीला दर 4 आठवड्यांनी त्यांची पीसीआर होत होती आणि आकडा ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की गोळी पुन्हा सुरू केली जायची. मेसेजमध्ये पीसीआरचं नावही नाही. तीन वर्षांची अट नाही, महिन्याच्या तपासणीचा उल्लेख नाही. आहे ते एवढंच: काउंट बघा आणि गोळी सोडा. माझ्या मते हा गुन्हा आहे.

आता ती ‘गृहिणी’. तिचं नाव जॅनेट राउली. 1948 मध्ये तिने शिकागो विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली. त्या आधी तिला वर्षभर थांबावं लागलं होतं, कारण 65 जागांपैकी स्त्रियांसाठी 3 ठेवलेल्या आणि त्या भरलेल्या. पुढे चार मुलगे वाढवताना ती अर्धवेळ काम करत राहिली, त्यातलं काही डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या क्लिनिकमध्ये. एका जास्तीच्या 21 व्या गुणसूत्रामुळे ही अवस्था येते हे 1959 मध्ये कळलं आणि तिला गुणसूत्रांचा ध्यास लागला. नवऱ्याबरोबर ऑक्सफर्डला गेली तेव्हा ती तिथे गुणसूत्रांचा अभ्यास शिकून आली. 1962 पासून शिकागो विद्यापीठात तिला जागा आणि सूक्ष्मदर्शक मिळाला आणि ल्युकेमियाच्या रुग्णांची गुणसूत्रं ती तपासू लागली. 1970 च्या सुमारास पुन्हा ऑक्सफर्ड, या वेळी गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारी नवी रंगपद्धत.

टेबल खरं आहे. फोटो कापणंही खरं आहे. आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुलं तिला चिडवायची, हे ती स्वतः सांगत असे. पण त्या काळी जगातल्या प्रत्येक गुणसूत्र-प्रयोगशाळेत हेच करत. सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा, एकेक गुणसूत्र कात्रीने सुटं करायचं, जोड्या लावायच्या. पेशी रुग्णांच्या होत्या, रंगवणं आणि फोटो काढणं प्रयोगशाळेत झालेलं होतं. जुळवायला घरातलं मोठं टेबल वापरलं यात लबाडी कुठे आली?

आणि त्या टेबलावर तिला काय दिसलं ते मेसेज सांगतच नाही. पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी 1960 मध्ये फिलाडेल्फियात सीएमएलच्या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र पाहिलं होतं. त्याचा तुकडा गहाळ झाला, असं सगळे धरून चालले होते. राउलीने पट्टे जुळवून दाखवलं की तुकडा हरवलेला नाही. 22 व्या गुणसूत्राचा तुकडा 9 व्याला जाऊन चिकटला आहे. हे 1973 मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. त्याच सुमारास तिने दुसऱ्या एका ल्युकेमियात 8 आणि 21 ची अदलाबदल दाखवली, 1977 मध्ये तिसऱ्यात 15 आणि 17 ची. ठरावीक आजारात ठरावीक अदलाबदल, रुग्णामागून रुग्ण. योगायोगाने असं घडत नाही.

‘परिणाम आहे, कारण नव्हे’ ही शंका काही मेसेजवाल्याची नवी नाही. सत्तरच्या दशकात कितीतरी शास्त्रज्ञ राउलीला हेच म्हणत होते. फरक इतकाच की त्यांनी पुढे पुरावा बघितला. ऐंशीच्या दशकात कळलं की या अदलाबदलीत 9 वरचं एबीएल जनुक उलट 22 वर येऊन तिथल्या बीसीआर जनुकाला जोडलं जातं आणि त्यातून एक प्रथिन बनतं, जे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सतत देत राहतं. 1990 मध्ये डेली, व्हॅन एटन आणि बाल्टिमोर यांनी हे जोडजनुक उंदरांच्या मज्जेत घातलं आणि उंदरांना सीएमएलसारखा आजार झाला. त्यानंतर त्याच प्रथिनाचं तोंड बंद करणारं इमॅटिनिब आलं. 2001 मध्ये छापलेल्या पहिल्या चाचणीत पुरेसा डोस मिळालेल्या 54 पैकी 53 जणांचं रक्त पूर्ववत झालं. 2017 मध्ये छापलेल्या पाठपुराव्यानुसार इमॅटिनिबने सुरुवात केलेल्या गटात 10 वर्षांनी हयात राहण्याचं प्रमाण 83.3 टक्के होतं. पूर्वी या आजारात बहुतेक रुग्ण काही वर्षांत जात. बदल हा नुसता परिणाम असता, तर त्याला रोखून आजार कसा मागे हटला असता?

मुलाबाळांचं थोडक्यात. 9 आणि 22 ची ही अदलाबदल जन्मानंतर, मज्जेतल्या एका पेशीत होते. रुग्णाच्या त्वचेच्या पेशींत ती सापडत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला सीएमएल झाला तर दुसऱ्याच्या रक्तात ते आखूड गुणसूत्र नसतं. रनएक्स1 सारख्या जनुकातला दोष काही थोड्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो आणि ल्युकेमियाचा धोका वाढवतो, हे खरं. पण सीएमएलची गोष्ट ती नव्हे. मावशीच्या मुलांना या मेसेजने विनाकारण घाबरवलं.

राहिला सोमल. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा भाग जास्त धोक्याचा आहे. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकापासून आर्सेनिक वापरून अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या वेगळ्या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण बरे केले. पण दडपलं कुणी? अमेरिकेने 2000 मध्ये त्याला मान्यता दिली आणि आज जगभर त्या आजारावर ते पहिल्या पसंतीच्या उपचारात आहे. ते चालतं कारण 15 आणि 17 च्या अदलाबदलीतून, म्हणजे राउलीनेच दाखवलेल्या बदलातून, बनणारं प्रथिन आर्सेनिक मोडून काढतं. जनुकं थोतांड म्हणायची आणि त्याच जनुकांवर चालणारा इलाज खरा म्हणायचा, हे एकाच मेसेजमध्ये कसं बसतं? शिवाय ते बहुतेक ठिकाणी शिरेतून, मोजून, हृदयाचा आलेख बघत दिलं जातं. घरी भस्म चाटून नव्हे.

सीएमएलमध्ये ते प्रथिनच नाही. तरी आर्सेनिक त्यावरही वापरून झालेलं आहे. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर ‘फाउलरचं द्रावण’ हे आर्सेनिकचं औषध द्यायचे आणि 1931 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी पुन्हा त्याचे अनुभव छापले. पांढऱ्या पेशी खाली यायच्या, रुग्णाला काही काळ बरं वाटायचं, मग आजार परतायचा, आणि वर आर्सेनिकची विषबाधा. दुसरी औषधं हाती येताच डॉक्टरांनी ते सोडून दिलं.