काळ्या किल्ल्यामागची नदी

सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ज्या कोराकुएन बागेवरून ते बेतलं, ती जपानात ओकायामाला, किल्ल्याच्या समोर, नदीपलीकडे आहे. तिथे गेलो तर आधी बाग बघायची की किल्ला? मराठी माणूस, सरळ किल्ल्यावर धावलो.

आणि आत लिफ्ट!

१५९७ साली पुरा झालेला किल्ला जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. आज दिसतो तो १९६६ चा, काँक्रीटचा. भिंती काळ्या, म्हणून लोक त्याला उजो म्हणतात, कावळ्याचा किल्ला. (हिमेजीचा पांढराशुभ्र किल्ला म्हणजे बगळा.) चंद्र बघण्यासाठी बांधलेला एक बुरूज आगीतून वाचलाय, अस्सल जुना. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

किल्ल्याची कहाणी आपल्याला आवडेल अशीच. बांधला उकिता हिदेइएने. १६०० साली सेकिगाहाराच्या लढाईत त्याच्याच बाजूचा कोबायाकावा हिदेआकी ऐन वेळी फितूर झाला. बक्षीस काय मिळालं, तर हिदेइएचाच हा किल्ला. दोन वर्षांत हिदेआकी मेला, तेही ऐन विशीत. हिदेइए मात्र हाचिजोजिमा बेटावर हद्दपारीत १६५५ पर्यंत जगला.

माझं म्हणणं असं, की शहराच्या दृष्टीने हिदेइएची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही नव्हेच. किल्ल्याला आयता खंदक मिळावा म्हणून त्याने 'असाही' नावाची नदी वळवून घेतली, ती खरी. लढाया संपल्या, पण नदीचं वळण राहिलं आणि पूर गावात शिरायला लागले. १६५४ चा तर फार मोठा. पुराचं पाणी घरात शिरणं म्हणजे काय, हे पुणेकरांना मी काय सांगणार!

हे निस्तरलं त्सुदा नागातादा नावाच्या एका कारभाऱ्याने. तोवर राज्य इकेदा घराण्याकडे आलं होतं. त्याने पुराचं पाणी शहराला वळसा घालून नेणारा रुंद मार्ग काढला, ह्याक्केनगावा. बांधाबांधांमधलं अंतर शंभर केन, म्हणजे साधारण १८० मीटर, तेच नाव पडलं. खाडीत बांध घालून त्याने मैलोन्‌मैल शेतजमीनही काढली. खाडीतून काढलेली जमीन खारी. भात कुरकुरायचा, पण कापूस तग धरायचा. कापसामागून सूत आलं, विणकाम आलं, पुढे शाळेचे गणवेश, आणि १९६५ मध्ये जवळच्याच कोजिमात जपानी बनावटीच्या पहिल्या जीन्स शिवल्या गेल्या. तिथल्या डेनिमचं आज जगभर नाव आहे.

एका इकेदाने 'एक सार, एक तोंडीलावणं' असा काटकसरीचा हुकूम काढला होता म्हणतात. लोकांनी काय करावं? मासे, कोळंबी सगळं डब्याच्या तळाशी, वर नुसता भात. जेवताना डबा पालथा घातला की मेजवानी! खरंखोटं देव जाणे, पण तिथली बाराझुशी, म्हणजे हीच मासे-भाताची सुशी, खाताना मला आपल्या सदाशिव पेठेतलं कुणीतरी नक्की आठवलं.

कोराकुएनही त्सुदानेच उभी केली, १६८७ ते १७००. भली मोठी हिरवळ, तळी, आणि एका कोपऱ्यात चौकोनी आखलेलं भाताचं इवलंसं खाचर. माझ्या पुढचं कुटुंब खाचराकडे पाठ करून मागच्या काळ्या किल्ल्यासकट सेल्फी घेत होतं.

त्यांचं झाल्यावर मीही घेतला.